चित्रे काढणारी लेक



दिवाळीच्या पहाटे आपल्या गावातून एक चक्कर मारून या. बारामती तालुक्यातले गाव असो की इंदापूर तालुक्यातले, दारोदार सडा पडलेला असतो. सड्यावर रांगोळी असते. कुठे कमळ, कुठे गोपद्म, कुठे तुळशीवृंदावन. बेंदराला-पोळ्याला बैलांची शिंगे रंगवतात, अंगावर ठसे उठवतात. नागपंचमीला भिंतीवर नाग काढतात. जुन्या लुगड्यांची गोधडी शिवतात, तर तिच्यातही रंगाला रंग जुळवलेला असतो.

ही सगळी चित्रेच आहेत. ती बहुतेक बायांनीच काढलेली असतात. पण त्यांच्याखाली कुणी नाव लिहीत नाही. रांगोळी संध्याकाळपर्यंत पुसून जाते. काढणारीलाही वाटत नाही, की आपण काही मोठे केले.

आज आम्ही तुम्हांला एका लेकीची गोष्ट सांगणार आहोत. तिने चित्रे काढली आणि त्यांच्याखाली आपले नाव लिहिले. ते नाव अजून पुसलेले नाही. तिचे नाव अमृता शेरगिल.

हा पाठ आधी स्वतः वाचा. शब्द अडला तर थांबा, पुन्हा वाचा. मग रात्री जेवणे झाली, की घरातल्या लेकरांना जवळ बसवा आणि त्यांना ही गोष्ट वाचून दाखवा. गोष्ट त्यांच्यासाठीच आहे.

दोन देशांची लेक

अमृताचा जन्म ३० जानेवारी १९१३ रोजी झाला. कुठे? तर युरोप खंडात हंगेरी नावाचा देश आहे. त्याची राजधानी बुडापेस्ट. त्या शहरात.

तिचे वडील उमरावसिंग शेरगिल हे पंजाबातले शीख सरदार घराण्यातले. संस्कृत आणि फारसी या भाषांचा त्यांचा मोठा अभ्यास होता. फोटो काढायचाही नाद होता. आई हंगेरीची. तिचे नाव मारी आंत्वानेत. ती गाणे शिकलेली होती, पियानो वाजवायची. म्हणजे बाप पंजाबी, आई हंगेरियन. दुसऱ्या वर्षी अमृताला एक बहीण झाली. तिचे नाव इंदिरा.

१९१४ साली युरोपात मोठे महायुद्ध पेटले. ते चार वर्षे चालले. वाटा बंद झाल्या. शेरगिल कुटुंब हंगेरीतच अडकून पडले. पैशाची ओढाताण झाली. पण मुलींना त्याचे काय? आई त्यांना परीकथा सांगायची आणि अमृता त्या कथांची चित्रे काढायची. पाच-सहा वर्षांच्या पोरीच्या हातात रंगीत खडू आला, की तो खाली ठेवायचे नाव नाही!

आपल्याकडे अशा पोरीला काय म्हणतात? "भिंती घाण करू नकोस." बरोबर ना? अमृताच्या घरी तसे झाले नाही. तिने काढलेले कागद घरच्यांनी जपून ठेवले. त्यांतले काही आजही शाबूत आहेत. एवढ्या एका गोष्टीने केवढा फरक पडला, तो पुढे पाहू.

सिमल्याचे घर

१९२१ साली कुटुंब हिंदुस्थानात आले. ते सिमल्याला राहू लागले. सिमला हिमालयातले थंड हवेचे गाव. तिथे हिवाळ्यात बर्फ पडते. अमृता तेव्हा आठ वर्षांची होती.

तिथे दोघी बहिणी पियानो आणि व्हायोलिन शिकल्या. चित्रकलेसाठी शिक्षक ठेवले. १९२४ साली आई अमृताला घेऊन इटली देशातल्या फ्लॉरेन्स शहरी गेली. तिथल्या शाळेत काही महिने ठेवले. पण अमृताचे मन तिथे रमले नाही. त्या परत आल्या.

मग एक मामा भेटला. आईचा भाऊ, एर्विन बाक्ताय. तो स्वतः चित्रकला शिकलेला होता आणि हिंदुस्थानचा अभ्यासक होता. त्याने भाचीची वही पाहिली. तिच्यात सगळी मनातली चित्रे : पऱ्या, राजकन्या, दुःखी बायका. मामाने सांगितले, की जी माणसे डोळ्यांसमोर आहेत, ती काढ. घरात काम करणारी माणसे आहेत, त्यांना समोर बसव आणि नीट पाहून काढ.

हा सल्ला साधा वाटतो, पण मोलाचा आहे. मनातला आंबा काढणे सोपे. समोरचा आंबा काढायला बसा, म्हणजे कळते. त्याची एक बाजू पिवळी, एक हिरवी, देठाशी चीक सुकलेला. पाहायला शिकणे हीच चित्रकलेची पहिली इयत्ता. अमृता ती इयत्ता घरातच शिकली.

पॅरिसची शाळा

१९२९ साली अमृता सोळा वर्षांची झाली. त्या काळी आपल्याकडे सोळा वर्षांच्या मुलीचे काय होत असे, हे आम्ही सांगायला नको. पण शेरगिल आई-बापांनी घर बंद केले, दोन्ही मुलींना घेतले आणि फ्रान्स देशातल्या पॅरिस शहरी बिऱ्हाड केले. कशासाठी? तर लेकीने चित्रकला शिकावी म्हणून.

आता एक गोष्ट ध्यानात घ्या. पॅरिसला सरकारची एक मोठी जुनी कलाशाळा आहे. तिथे १८९७ सालापर्यंत मुलींना प्रवेशच नव्हता. युरोपातल्या बायकांना त्यासाठी भांडावे लागले, अर्ज-विनंत्या कराव्या लागल्या. तेव्हा दार उघडले. म्हणजे पोरींना मागे ठेवायची रीत फक्त आपल्याच मुलुखात होती, असे समजू नका. ती सगळीकडे होती. जिथे लोकांनी धक्का दिला, तिथे ती हलली.

याच शाळेत अमृता शिकली. तिथे ती तेलरंगात चित्रे काढायला लागली. तेलरंग म्हणजे काय? रंगाची पूड जवसाच्या तेलात घोटतात. लोण्यासारखा घट्ट रंग तयार होतो. जाड कापड लाकडी चौकटीवर ताणून बसवतात, त्याला आधी एक लेप देतात आणि मग त्यावर कुंचल्याने रंग लावतात. जवसाचे तेल हळूहळू सुकते आणि घट्ट धरून बसते. म्हणून ही चित्रे शेकडो वर्षे टिकतात. आपण जवसाची चटणी खातो, तेच हे जवस बरं का!

१९३२ साली अमृताने एक मोठे चित्र काढले. त्यात दोन तरुण मुली बसलेल्या आहेत. एक तिची बहीण इंदिरा, दुसरी एक फ्रेंच मैत्रीण. या चित्राला पॅरिसच्या मोठ्या प्रदर्शनात सुवर्णपदक मिळाले आणि १९३३ साली तिथल्या कलावंतांच्या मंडळात अमृताला मानाने घेतले. तेव्हा ती वीस वर्षांची होती.

नाव झाले, मान मिळाला. आता पॅरिसलाच राहायचे, असे कुणीही म्हणेल. अमृताने तसे केले नाही.

घरची ओढ

तिच्या मनात हिंदुस्थानची ओढ लागली. तिच्या गुरूंनाही वाटत होते, की या मुलीचे रंग पूर्वेकडचे आहेत. तिचे खरे स्थान तिकडेच आहे. १९३४ साल संपता संपता ती घरी परतली.

परत आल्यावर तिने काय काढले? राजेमहाराजे? महाल? नाही. तिने सिमल्याच्या डोंगरातली गरीब माणसे काढली. अंगावर घोंगडी घेतलेले बाप्ये, डोक्यावरून पदर घेतलेल्या बाया, आईला बिलगलेली लेकरे. ती माणसे उभी आहेत, बसली आहेत. फारसे काही करीत नाहीत. पण त्यांच्या डोळ्यांकडे पाहिले, की आपण थांबतो.

त्या काळी हिंदुस्थानची चित्रे म्हणजे झगझगीत ऊन, हत्ती-घोडे आणि हसऱ्या पनिहारी, असे लोकांना वाटायचे. गरीब माणसाचे चित्र घरात कोण लावणार? अमृताची चित्रे बऱ्याच जणांना आवडली नाहीत. १९३५ साली सिमल्याच्या प्रदर्शनात तिची काही चित्रे नाकारली आणि एकाला बक्षीस दिले. तिने ते बक्षीस परत केले. आपल्या कामाची किंमत आपल्याला कळते, असा तिचा बाणा होता. काही लोक तिला गर्विष्ठ म्हणाले. पुरुष असा वागला तर त्याला मानी म्हणतात, नाही का?

तीन मुली

याच १९३५ सालातले तिचे एक चित्र आहे. नाव 'तीन मुली'. ते आपण जरा सावकाश पाहू. डोळे मिटून चित्र मनात आणा.

तीन तरुण मुली जवळजवळ बसल्या आहेत. अंगावर पंजाबी पद्धतीचे लाल, हिरवट कपडे. डोक्यावर ओढणी. तिघी जवळ आहेत, पण एकमेकींशी बोलत नाहीत. एकीचीही नजर आपल्याकडे नाही. हात स्वस्थ पडलेले. चेहरे शांत, पण त्या शांतीत आनंद नाही. त्या कशाची तरी वाट पाहत आहेत.

कशाची? चित्रात लिहिलेले नाही. पण आपल्या घरातली कोणतीही बाई ते ओळखेल. बाहेरच्या खोलीत पाहुणे बसले आहेत. मोठी माणसे बोलणी करीत आहेत. आत मुली बसल्या आहेत. त्यांच्या आयुष्याचा निकाल बाहेर लागतो आहे आणि त्यांना कुणी विचारलेले नाही. असे आम्हांला हे चित्र पाहून वाटते. तुम्हांला आणखी काही वाटेल. चित्राचे हेच बरे असते, की ते प्रत्येकाला आपापले बोलू देते.

मुंबईच्या बॉम्बे आर्ट सोसायटीने १९३७ साली या चित्राला सुवर्णपदक दिले. म्हणजे आपल्या महाराष्ट्राच्या राजधानीत या लेकीचा गौरव झाला.

अजिंठ्याच्या भिंती

१९३६ साली अमृता मुंबईस आली होती. तिथे तिच्या चित्रांचे प्रदर्शन झाले. तिथून ती अजिंठा आणि वेरूळ पाहायला गेली. तेव्हा ती २३ वर्षांची होती.

अजिंठ्याची लेणी पूर्वीच्या औरंगाबाद, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात आहेत. वाघोरा नदीच्या वळणावर, घोड्याच्या नालासारख्या डोंगरकड्यात तीसेक लेणी कोरलेली आहेत. सर्वांत जुनी लेणी दोन हजार वर्षांपूर्वीची. मधली पुष्कळ शतके ती रानात विसरली गेली होती. १८१९ साली एका इंग्रज अधिकाऱ्याने ती पाहिली आणि जगाला कळवले.

या लेण्यांच्या भिंतींवर बुद्धाच्या जन्मोजन्मीच्या कथा रंगवल्या आहेत. राजे, राण्या, दासी, भिक्षू, शेतकरी, हत्ती, माकडे, हंस. सगळी सृष्टी तिथे आहे.

ती चित्रे काढली कशी, हे ऐकलेत तर तुम्ही म्हणाल, "अरे, हे तर आमच्या घरचे!" खडबडीत दगडावर आधी मातीचा लेप दिला. त्या मातीत शेण, भाताचा कोंडा, गवताचे धागे मिसळले होते. वरून चुन्याचा पातळ हात फिरवला. मग त्यावर रंग. तांबडा आणि पिवळा मातीचा, काळा काजळीचा, पांढरा चुन्याचा, हिरवा एका दगडाचा. फक्त निळा रंग दूर अफगाणिस्तानाकडच्या दगडाचा होता. माती, शेण आणि भुसा कालवून आपल्या आज्या भिंती लिंपत आल्या. अजिंठ्याच्या कारागिरांचीही विद्या तीच होती.

अमृता हे पाहून थक्क झाली. युरोपातली नावाजलेली चित्रे तिने पाहिली होती. अजिंठ्याची एक भिंत त्या सगळ्यांना भारी आहे, असे तिला वाटले. तिथे तिने काय शिकून घेतले? थोडक्या रेषांत पुष्कळ सांगायचे. माणसाचा आकार साधा, गोल, भरीव ठेवायचा. रंग मोठ्या सपाट पट्ट्यांनी लावायचा. आणि आपली सावळी-तांबूस कातडी सुंदर दिसते, ती तशीच दाखवायची.

तिथून ती दक्षिणेत गेली. केरळातल्या जुन्या वाड्यांमधली भिंतीचित्रे पाहिली. पार कन्याकुमारीपर्यंत गेली. परत आल्यावर १९३७ साली तिने तीन मोठी चित्रे काढली. एकात नवरीची वेणीफणी चालली आहे. दुसऱ्यात धोतर नेसलेले ब्रह्मचारी बसले आहेत. तिसऱ्यात खेड्यातली माणसे बाजाराला निघाली आहेत. ही तिची सर्वांत नावाजलेली चित्रे.

पाहा, केवढा फेरा झाला! चित्रकला शिकायला ती पॅरिसला गेली आणि पुढची विद्या तिला मिळाली ती अजिंठ्याच्या मातीत.

खेडे आणि चित्र

१९३८ साली अमृताने लग्न केले. नवरा तिच्या आईकडच्या नात्यातला, हंगेरीचा. नाव डॉक्टर व्हिक्टर एगन. लग्नानंतर दोघे उत्तर प्रदेशात गोरखपूरजवळ सराया या गावी राहायला आले. तिथे शेरगिल घराण्याचा साखर कारखाना होता. उसाचा मुलूख! आपल्यासारखाच. गाड्या, गुरे, धूळ आणि उसाच्या मळीचा वास.

तिथे तिने खेड्यातले साधे दिवस रंगवले. झोका खेळणाऱ्या बाया. खाटेवर पडलेली तरुण बाई आणि तिला वारा घालणारी दुसरी. तळ्यात डुंबणारे हत्ती. या चित्रांत रंग खुलले आणि माणसे आधीपेक्षा मोकळी झाली.

आता एक गोष्ट आम्ही मोकळेपणाने बोलणार आहोत. अमृता श्रीमंत घरची होती. तिने खुरपे हाती धरले नव्हते. उसाची मोळी डोक्यावर घेतली नव्हती. तिने गरिबांना पाहिले, पण बाहेरून पाहिले. तिच्या सुरुवातीच्या चित्रांतली खेड्यातली माणसे कधी हसतच नाहीत. तुम्ही म्हणाल, "आम्ही काय सारखे रडत बसतो होय? आम्हीही जत्रेत नाचतो, पोरांचे लाड करतो, ओट्यावर बसून चेष्टा करतो." तुमचे म्हणणे खरे आहे. शिवाय, चित्रकर्तीचे नाव आपल्याला माहीत आहे, पण तिच्यासमोर बसलेल्या बहुतेक बाया-बापड्यांची नावे आपल्याला ठाऊक नाहीत.

मग तिचे मोठेपण कशात? ते असे. तिच्या आधी मोठ्या पडद्याएवढ्या चित्रात जागा मिळायची देवांना, राजांना आणि सावकारांना. तिने ती जागा मोलकरणीला, मजुराला, डोंगरातल्या बाईला दिली. राजाला जेवढा वेळ देऊन पाहतात, तेवढा वेळ देऊन तिने त्यांना पाहिले. हे मोठेच काम होते. पण ते अर्धे काम होते. उरलेले अर्धे कुणी करायचे? खेड्यातल्या माणसाने स्वतः. आपले हसू कसे असते, आपले दुःख कसे असते, हे आपणच काढायचे आणि आपणच लिहायचे. त्यासाठी तर आपण अक्षर शिकलो.

शेवटचे चित्र

१९४१ साली अमृता आणि तिचा नवरा लाहोरला राहायला गेले. लाहोर आता पाकिस्तानात आहे. तिथे तिच्या चित्रांचे मोठे प्रदर्शन भरायचे होते. तारीख जवळ आली होती. एवढ्यात ती आजारी पडली. दुखणे थोड्याच दिवसांत हाताबाहेर गेले. ५ डिसेंबर १९४१ रोजी ती वारली. वय अवघे २८ वर्षे.

घरात एक चित्र अर्धे राहिले होते. तिच्या घराच्या वरच्या मजल्यावरून जे दिसायचे, ते ती रंगवीत होती. त्यात काय होते? मातीची घरे आणि काळ्याभोर म्हशी. पॅरिसला पदक मिळवलेल्या त्या बाईच्या शेवटच्या चित्रात आपल्या गोठ्यात असतात तशा म्हशी आहेत.

जिवंतपणी तिची चित्रे थोडीच विकली गेली. पुढे मात्र देशाला तिची किंमत कळली. दिल्लीच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात तिची पुष्कळ चित्रे आहेत. १९७६ साली सरकारने तिची चित्रे राष्ट्राचा ठेवा म्हणून जाहीर केली. म्हणजे ती देशाबाहेर विकता येत नाहीत. १९७८ साली तिच्या 'डोंगरातल्या बाया' या चित्राचे टपाल तिकीट निघाले. २०२३ साली तिचे 'कथा सांगणारा' हे १९३७ सालचे चित्र लिलावात जवळजवळ ६२ कोटी रुपयांना गेले. त्या चित्रात काय आहे? अंगणात निवांत बसून बोलणारी आणि ऐकणारी माणसे. अशी बैठक आपल्याकडे रोज संध्याकाळी फुकट बसते!

मुंबईची अंबिका

लेकरे विचारतील, "आपल्या मराठी मुलखात अशी कुणी झाली की नाही?" झाली. तिचीही गोष्ट थोडक्यात सांगतो.

अमृताच्या एक वर्ष आधी, १९१२ साली, अंबिका धुरंधर जन्मली. तिचे वडील महादेव विश्वनाथ धुरंधर. मूळ कोल्हापूरचे, मोठे चित्रकार. मुंबईला सर ज. जी. कलाशाळा आहे. ती १८५७ साली सुरू झाली. धुरंधर १८९० साली तिथे विद्यार्थी म्हणून आले आणि पुढे तिथेच शिक्षक झाले. ते १९३१ सालापर्यंत त्या शाळेत होते. नऊवारी नेसलेल्या, पाणी भरणाऱ्या, बाजाराला जाणाऱ्या मराठी बाया त्यांनी फार सुंदर काढल्या.

त्यांनी आपल्या लेकीला त्याच शाळेत घातले. तेव्हा कलाशाळेत मुली अगदी थोड्या. अंबिका शिकली आणि १९३१ साली तिने चित्रकलेची पदविका मिळवली. ही पदविका मिळवणाऱ्या पहिल्या काही स्त्रियांत तिचे नाव आहे. म्हणजे अमृता पॅरिसला शिकत होती, त्याच दिवसांत अंबिका मुंबईला शिकत होती. पुढे अंबिकाबाईंनी मराठीत आपल्या आठवणी लिहिल्या. पुस्तकाचे नाव 'माझी स्मरणचित्रे'. त्यांना दीर्घ आयुष्य लाभले. २००९ साली, नव्वदी ओलांडल्यावर, त्या वारल्या.

दोघींच्या गोष्टीत फरक पुष्कळ. एक २८ वर्षे जगली, दुसरी नव्वदीच्या पुढे गेली. एक परदेशी शिकली, दुसरी मुंबईला. पण एक गोष्ट दोघींची सारखी आहे. पोरीने कागदावर रेघ ओढली, तेव्हा घरातल्या माणसाने ती पाहिली. "हे काय खूळ?" असे म्हटले नाही. "आणखी काढ," असे म्हटले.

आपल्या घरात

तुम्ही म्हणाल, "त्या मोठ्या घरच्या. आम्हांला पॅरिस कुठले?" खरे आहे. सगळ्या पोरी चित्रकार होणार नाहीत, व्हायलाही नको. पण पोरीच्या हातात काय आहे, हे कुणी पाहिलेच नाही तर ते कळायचे कसे? कुणाच्या हातात चित्र असेल, कुणाच्या हातात हिशेब, कुणाच्या गळ्यात गाणे. शाळा मधेच सोडवून पोरीला कामाला लावले, किंवा लवकर लग्न करून दिले, की ते कायमचे झाकले जाते. अठरा वर्षांच्या आत मुलीचे लग्न करणे हा कायद्याने गुन्हा आहे, हेही विसरू नका.

रंगालाही फार पैसा लागत नाही. गेरू घ्या, तांबडा झाला. हळद घ्या, पिवळा झाला. चुलीतला कोळसा काळा, चुना पांढरा, कपड्यांची नीळ निळी. पाण्यात थोडा डिंक विरघळवा आणि त्यात रंग कालवा, म्हणजे तो कागदाला धरतो. चुना मात्र लहान मुलांच्या हाती देऊ नका, त्याने डोळे भाजतात. काडीच्या टोकाला कापूस गुंडाळला, की कुंचला झाला. कागद पाठकोरा चालतो.

मग लेकराला सांगा, की समोर दिसते ते काढ. गोठ्यातली म्हैस काढ. नीरेचा कालवा काढ. भिगवणकडे उजनीच्या पाण्यावर हिवाळ्यात रोहित पक्षी उतरतात, ते लांब पायांचे गुलाबी पक्षी काढ. ऊस तोडणारी मावशी काढ. आजीचा चेहरा काढ, सुरकुत्या मोजून काढ.

चित्र झाले, की एक काम तुमचे. चित्राखाली लेकराचे नाव लिहा. गावाचे नाव लिहा. तारीख लिहा. आता तुम्हांला लिहिता येते. चित्रात कुणी माणूस असेल तर त्याचेही नाव लिहा. आपल्या माणसांची नावे हरवू द्यायची नाहीत. मग तो कागद ट्रंकेत नीट ठेवा.

आणि बायांनो, पुढच्या दिवाळीला रांगोळी काढाल, तेव्हा तिच्या कोपऱ्यात आपले नाव घाला. संध्याकाळी पुसले गेले तर जाऊ द्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा घालता येईल.

सांगा पाहू

१. मामाने अमृताला कोणता सल्ला दिला?
२. अजिंठ्याच्या भिंतींना कशाकशाचा लेप दिला होता? आपण घरे कशी लिंपतो?
३. 'तीन मुली' या चित्रातल्या मुली कशाची वाट पाहत असतील? घरातल्या प्रत्येकाला विचारा.
४. तुमच्या घरात चांगली रांगोळी कोण काढते? तिला ती कुणी शिकवली? दोघींची नावे वहीत लिहा.